२१४७४८३६४७ (संख्या)

२१४७४८३६४७ (अक्षरी : दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस) ही २१४७४८३६४६ नंतरची आणि २१४७४८३६४८ पूर्वीची नैसर्गिक संख्या आहे. दोनच्या ३१ व्या घातातून एक वजा केला असता, म्हणजे २^३१ − १ असे केले असता, ही संख्या मिळते. ती मूळ संख्या असून मर्सेन मूळ संख्यांच्या मालिकेत तिचा क्रमांक आठवा आहे. ती मूळ असल्याचे लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७७२ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती माणसाला ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

संगणकशास्त्रात याच संख्येला वेगळे महत्त्व आहे. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मावणारी ती सर्वांत मोठी संख्या आहे. त्यामुळे अनेक संगणकप्रणालींतील मोजणी या संख्येपाशी येऊन थांबते किंवा बिघडते. १९ जानेवारी २०३८ रोजी उद्भवू शकणारी ‘२०३८ सालची समस्या’ याच मर्यादेतून निर्माण झाली आहे.

संख्येची मांडणी

भारतीय पद्धतीने ही संख्या २,१४,७४,८३,६४७ अशी लिहितात. तिच्यात १० अंक आहेत. द्विमान पद्धतीत ती ओळीने एकतीस वेळा १ लिहून दर्शवली जाते. अष्टमान पद्धतीत तिचे रूप १७७७७७७७७७७, म्हणजे एकावर दहा सात, असे होते.

एकापासून सुरुवात करून प्रत्येक पद दुप्पट करत ३१ पदे घेतली, तर त्यांची बेरीज नेमकी ही संख्या येते :

१ + २ + ४ + ८ + … + १०७३७४१८२४ = २१४७४८३६४७

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक, दुसऱ्या घरात दोन, तिसऱ्या घरात चार अशा रीतीने धान्याचे दाणे ठेवण्याची कथा प्रसिद्ध आहे. त्या कथेच्या भाषेत सांगायचे, तर पहिल्या ३१ घरांतील दाण्यांची एकूण संख्या २१४७४८३६४७ होते आणि केवळ ३२ व्या घरात त्याहून एक दाणा अधिक ठेवावा लागतो.

मर्सेन मूळ संख्या

२^न − १ या स्वरूपाच्या संख्यांना फ्रेंच धर्मगुरू व गणितज्ञ मरीन मर्सेन यांच्या नावावरून मर्सेन संख्या म्हणतात. घातांक न हा संयुक्त असेल, तर २^न − १ ही संख्याही संयुक्तच असते. उदाहरणार्थ, २^६ − १ = ६३ = ७ × ९. घातांक मूळ असला तरी उत्तर मूळ येईलच असे मात्र नाही. २^११ − १ = २०४७ या संख्येचे २३ × ८९ असे अवयव पडतात.

ज्या घातांकांसाठी मर्सेन संख्या मूळ येते, असे पहिले आठ घातांक पुढीलप्रमाणे आहेत : २, ३, ५, ७, १३, १७, १९ आणि ३१. त्यांपासून अनुक्रमे ३, ७, ३१, १२७, ८१९१, १३१०७१, ५२४२८७ आणि २१४७४८३६४७ या मूळ संख्या मिळतात.

येथे ३१ हा घातांक स्वतःच मर्सेन मूळ संख्या आहे (२^५ − १ = ३१). घातांकही मर्सेन मूळ असलेल्या अशा संख्यांना दुहेरी मर्सेन संख्या म्हणतात. दुहेरी मर्सेन मूळ संख्या आजवर चारच ज्ञात आहेत : ७, १२७, २१४७४८३६४७ आणि २^१२७ − १.

इतिहास

इटालियन गणितज्ञ पिएत्रो कातालदी यांनी १६०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात २^१७ − १ आणि २^१९ − १ या संख्या मूळ असल्याचे प्रत्यक्ष भागाकार करून दाखवले. त्याच ग्रंथात २३, २९, ३१ आणि ३७ या घातांकांपासूनही मूळ संख्या मिळतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. या चारांपैकी केवळ ३१ बाबतचे विधान खरे ठरले. पिएर द फर्मा यांनी १६४० मध्ये २^२३ − १ या संख्येला ४७ ने आणि २^३७ − १ या संख्येला २२३ ने निःशेष भाग जातो, हे शोधून काढले. पुढे २^२९ − १ या संख्येचा २३३ हा विभाजक ऑयलर यांनी दाखवला.

मर्सेन यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या योग्य घातांकांची यादी दिली : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. या यादीत ३१ चा समावेश होता. परंतु त्यासाठी कोणतीही सिद्धता दिलेली नव्हती. नंतरच्या संशोधनात या यादीतील ६७ आणि २५७ चुकीचे ठरले, तर ६१, ८९ आणि १०७ हे तीन घातांक तिच्यातून निसटले असल्याचे आढळले. म्हणजेच २^३१ − १ मूळ असल्याचे विधान दोन नामवंतांनी केलेले असूनही ते केवळ विधानच होते, आणि दोघांचीही अन्य विधाने चुकलेली होती. याचा निर्णय ऑयलर यांच्या सिद्धतेने लागला.

ऑयलर त्या काळी रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे राहत होते. त्यांचे वय पासष्ट वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेली होती. बर्नुली घराण्यातील एका गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी २^३१ − १ ही संख्या तपासून ती मूळ असल्याचे आढळल्याचे कळवले.

इंग्लिश गणितज्ञ पीटर बार्लो यांनी संख्याशास्त्रावरील आपल्या १८११ च्या ग्रंथात या संख्येपासून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येचा उल्लेख केला आहे. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी शोधली जाईल असे त्यांना वाटत नव्हते. अशा संख्या केवळ कुतूहलाच्या असून त्यांचा उपयोग काही नाही, तेव्हा त्यांच्या मागे कोणी लागणार नाही, असे कारण त्यांनी दिले होते. हे भाकीत फार काळ टिकले नाही. १८७६ मध्ये एदुआर लुका यांनी ३९ अंकी २^१२७ − १ ही संख्या मूळ असल्याचे दाखवले आणि १८८३ मध्ये इव्हान पेर्वुशिन यांनी २^६१ − १ ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या २^१३६२७९८४१ − १ या मर्सेन मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत.

ऑयलर यांची सिद्धता

एखादी संख्या मूळ आहे का, हे तपासण्यासाठी तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहणे पुरेसे असते. २१४७४८३६४७ चे वर्गमूळ सुमारे ४६३४०.९५ आहे. ४६३४० पर्यंत ४७९२ मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार हाताने करणे अत्यंत कष्टाचे होते. ऑयलर यांनी भागाकारांची संख्या पुढील विचाराने कमी केली.

समजा, ‘व’ ही मूळ संख्या २^३१ − १ ची विभाजक आहे. तेव्हा २^३१ ला ‘व’ ने भागल्यास बाकी १ उरते. दोनच्या ज्या लहानात लहान घाताला ‘व’ ने भागून बाकी १ येते, त्या घाताच्या घातांकाने ३१ ला निःशेष भाग गेला पाहिजे. ३१ ही मूळ संख्या असल्याने आणि तो घातांक १ असू शकत नसल्याने तो ३१ च असला पाहिजे. फर्माच्या लघुप्रमेयानुसार २^(व − १) ला ‘व’ ने भागल्यासही बाकी १ उरते. यावरून व − १ ला ३१ ने निःशेष भाग जातो. ‘व’ विषम असल्याने व − १ सम आहे. म्हणून व − १ ला ६२ ने निःशेष भाग जातो.

याला दुसरी अट जोडता येते. २^३२ ला ‘व’ ने भागल्यास बाकी २ उरते आणि २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे ‘व’ च्या संदर्भात २ ही एका वर्गाची बाकी आहे. ज्या विषम मूळ संख्यांबाबत असे घडते, त्यांना ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरते.

दोन्ही अटी एकत्र केल्या असता ‘व’ ही संख्या २४८क + १ किंवा २४८क + ६३ यांपैकी एका स्वरूपाची असली पाहिजे, हे निश्चित होते. ६३ ही संयुक्त संख्या वगळता या दोन स्वरूपांच्या ४६३४० पर्यंतच्या एकूण ३७२ संख्या आहेत. त्यांतील संयुक्त संख्याही सोडून देता येतात, त्यामुळे प्रत्यक्षात करावे लागणारे भागाकार आणखी कमी होतात.

उदाहरणादाखल पहिल्या काही संख्या पाहता येतील. १५०० पर्यंत एकूण २३९ मूळ संख्या आहेत. त्यांपैकी वरील अटी पूर्ण करणाऱ्या केवळ तीन आहेत : ३११, १३०३ आणि १४८९. २१४७४८३६४७ ला त्यांनी भागल्यास अनुक्रमे ३५, २२६ आणि १९९ अशा बाक्या उरतात. याच रीतीने ४६३४० पर्यंत गेल्यास कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही. म्हणून २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे.

लुका-लेहमर कसोटी

एदुआर लुका यांनी मांडलेली आणि डेरिक हेन्री लेहमर यांनी १९३० मध्ये सुबक रूप दिलेली कसोटी वापरल्यास विभाजक शोधण्याची गरज राहत नाही. तिची कृती अशी : ४ पासून सुरुवात करावी. प्रत्येक पायरीला हाती असलेल्या संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करावेत आणि उत्तराला तपासायच्या मर्सेन संख्येने भागून केवळ बाकी ठेवावी. घातांक न (२ पेक्षा मोठी मूळ संख्या) असेल, तर न − २ पायऱ्यांनंतर बाकी शून्य आल्यास ती संख्या मूळ असते. अन्यथा ती संयुक्त असते.

२^५ − १ = ३१ या लहान संख्येवर ही कसोटी सहज पाहता येते. ४ चा वर्ग वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग वजा २ म्हणजे १९४, आणि त्याला ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग वजा २ म्हणजे ६२, आणि त्याला ३१ ने भागून बाकी ०. तिसऱ्या पायरीला शून्य आल्याने ३१ मूळ ठरते. २१४७४८३६४७ साठी अशा २९ पायऱ्या कराव्या लागतात.

परिपूर्ण संख्येशी संबंध

स्वतःला वगळून उरलेल्या सर्व विभाजकांची बेरीज ज्या संख्येएवढीच येते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. ६ (१ + २ + ३) आणि २८ (१ + २ + ४ + ७ + १४) ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. २^न − १ ही संख्या मूळ असेल, तर तिला २^(न − १) ने गुणल्यास परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिड यांनी सिद्ध केले होते. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच स्वरूपाची असते, ही त्याची दुसरी बाजू ऑयलर यांनी सिद्ध केली.

त्यानुसार आठवी परिपूर्ण संख्या अशी मिळते :

१०७३७४१८२४ × २१४७४८३६४७ = २३०५८४३००८१३९९५२१२८

ही १९ अंकी संख्या आहे. १ पासून २१४७४८३६४७ पर्यंतच्या सर्व नैसर्गिक संख्यांची बेरीजही नेमकी एवढीच येते.

इतर गुणधर्म

• मूळ संख्यांच्या चढत्या क्रमात हिचा क्रमांक १०,५०,९७,५६५ वा आहे.
• हिच्या लगतची लहान मूळ संख्या २१४७४८३६२९ आणि लगतची मोठी मूळ संख्या २१४७४८३६५९ आहे.
• हिला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते. त्यामुळे ही संख्या दोन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही.
• हिच्यातून १ वजा केल्यास मिळणाऱ्या संख्येचे मूळ अवयव असे आहेत : २१४७४८३६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१.

संगणकशास्त्रात

पूर्णांकाची मर्यादा

संगणकात संख्या द्विमान पद्धतीने ठरावीक बिटांमध्ये साठवल्या जातात. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात एक बिट धन किंवा ऋण चिन्हासाठी खर्च होतो आणि ३१ बिट उरतात. ते सर्व १ असताना जी संख्या तयार होते, ती २१४७४८३६४७ होय. अशा पूर्णांकाची व्याप्ती −२१४७४८३६४८ पासून २१४७४८३६४७ पर्यंत असते. जावा या संगणकभाषेतील ‘इंट’ या प्रकाराची हीच कमाल मर्यादा आहे.

या कमाल संख्येत १ मिळवल्यास हातचा पुढे सरकत चिन्हाच्या बिटापर्यंत पोहोचतो. परिणामी अनेक प्रणालींत उत्तर २१४७४८३६४८ न येता −२१४७४८३६४८ असे येते. या प्रकाराला ओव्हरफ्लो म्हणतात. यंत्र कोणतीही सूचना न देता पुढील गणित चुकीच्या संख्येवर चालू ठेवू शकते, हा त्यातील मुख्य धोका होय.

भारताची लोकसंख्या या मर्यादेत मावते. जगाची लोकसंख्या मावत नाही. भारतातील दहा अंकी मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ या अंकांनी सुरू होत असल्याने त्यांतील एकही क्रमांक ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात साठवता येत नाही. माहितीसंचाची रचना शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना असे क्रमांक अक्षरमालेच्या स्वरूपात साठवण्यास सांगितले जाते, त्याच्या कारणांपैकी हे एक आहे.

८, १६, ३२ आणि ६४ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकांच्या कमाल मर्यादा अनुक्रमे १२७, ३२७६७, २१४७४८३६४७ आणि ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आहेत. यांपैकी १२७ आणि २१४७४८३६४७ या दोनच मूळ संख्या आहेत. उरलेल्या दोन्ही संख्यांना ७ ने निःशेष भाग जातो.

२०३८ सालची समस्या

युनिक्स आणि तिच्यावर आधारलेल्या प्रणालींत वेळ ही १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (जागतिक प्रमाणवेळ) उलटलेल्या सेकंदांच्या रूपात मोजली जाते. जुन्या प्रणालींत ही मोजणी ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात ठेवलेली असते. २१४७४८३६४७ सेकंद म्हणजे २४८५५ दिवस, ३ तास, १४ मिनिटे आणि ७ सेकंद. त्यामुळे मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनी, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, ही मोजणी कमाल मर्यादेस पोहोचेल. पुढच्याच सेकंदाला दुरुस्ती न झालेल्या प्रणाली ती तारीख १३ डिसेंबर १९०१ अशी समजतील.

समस्येचा परिणाम २०३८ उजाडण्यापूर्वीही जाणवू शकतो. भविष्यातील तारखांवर गणित करणाऱ्या प्रणालींना ही मर्यादा आधीच ओलांडावी लागते. उदाहरणार्थ, फेब्रुवारी २००८ मध्ये दिलेल्या ३० वर्षे मुदतीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता या क्षणानंतरच्या तारखेचा येतो.

यावरील उपाय म्हणजे सेकंदांची मोजणी ६४ बिटांत ठेवणे. तसे केल्यास मर्यादा सुमारे २९२ अब्ज वर्षांपर्यंत लांबते. आधुनिक ६४ बिटांच्या प्रणालींत हा बदल झालेला आहे. ३२ बिटांच्या यंत्रांसाठीची तशी सोय लिनक्स गाभ्याच्या मार्च २०२० मधील ५.६ या आवृत्तीत पूर्णत्वास आली. तथापि यंत्रसामग्रीत कायमच्या बसवलेल्या आणि क्वचितच अद्ययावत होणाऱ्या लहान संगणकांचा प्रश्न अधिक अवघड आहे.

प्रत्यक्षात उद्भवलेले प्रसंग

• डिसेंबर २०१४ मध्ये दक्षिण कोरियाचे गायक साय यांच्या ‘गंगनम स्टाइल’ या चित्रफितीच्या दर्शकसंख्येने २१४७४८३६४७ ची मर्यादा ओलांडल्याचे यूट्यूबने जाहीर केले. त्यासाठी मोजणी ६४ बिटांची करण्यात आली.
• २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांसंबंधी निर्देश काढला. विद्युतपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिल्यास जनित्रांची नियंत्रणयंत्रे आज्ञावलीतील गणकाच्या ओव्हरफ्लोमुळे एकाच वेळी बंद पडू शकतात, असे त्यात नमूद होते. २१४७४८३६४७ शतांश सेकंद म्हणजे सुमारे २४८.५५ दिवस होतात.

यादृच्छिक संख्यांची निर्मिती

ही संख्या मूळ असणे आणि ती ३२ बिटांत मावणारी असणे, या दोन्ही गुणांचा एकत्रित उपयोग यादृच्छिक वाटणाऱ्या संख्या तयार करण्यासाठी होतो. स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी १९८८ मध्ये ‘किमान मानक’ म्हणून शिफारस केलेल्या पद्धतीत हाती असलेल्या संख्येला १६८०७ ने गुणून गुणाकाराला २१४७४८३६४७ ने भागतात आणि उरलेली बाकी ही पुढची संख्या मानतात. १ पासून सुरुवात केल्यास १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ अशी मालिका मिळते.

१६८०७ हा ७ चा पाचवा घात आहे. या गुणकामुळे १ ते २१४७४८३६४६ मधील प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्याशिवाय मालिकेची पुनरावृत्ती होत नाही. भाजक मूळ असल्यामुळेच एवढे दीर्घ आवर्तन शक्य होते. बार्लो यांनी निरुपयोगी मानलेल्या संख्यांपैकी एकीचा हा प्रत्यक्ष उपयोग आहे.

हेही पाहा

• मूळ संख्या
• मर्सेन मूळ संख्या
• परिपूर्ण संख्या
• लिओनार्ड ऑयलर
• द्विमान पद्धती
• २०३८ सालची समस्या